साडेतीन बाय दोनचा व्यवहार

चाकणच्या मोठ्या कारखान्यातल्या पर्चेसवाल्याला सकाळी अकराला फोन येतो. नेहमीच्या वेंडरचं ग्राइंडिंग मशीन बंद पडलंय, उद्याचा लॉट येणार नाही. लाइन थांबली तर वरून विचारणा ठरलेली. तो टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढतो. आत रबर लावलेले कार्डांचे गठ्ठे असतात. काही प्रदर्शनात मिळालेली, काही सिक्युरिटी केबिनमध्ये कुणीतरी ठेवून गेलेली, काही कुठून आली ते त्यालाही सांगता येणार नाही. तो एकेक उलटत जातो. ‘सर्व प्रकारची इंजिनिअरिंग कामे’, बाजूला. सोनेरी गरुड आणि खाली नुसतं ‘प्रोप्रायटर’, बाजूला. मग एक साधं पांढरं कार्ड येतं. ‘सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, ३०० मिमी व्यास, १००० मिमी लांबीपर्यंत. भोसरी, जे ब्लॉक.’ फोन त्याला जातो.

व्हिजिटिंग कार्डाची परीक्षा अशी, देणारा समोर नसताना होते. भेटीच्या दिवशी कार्ड कसंही असलं तरी चालून जातं, कारण बोलायला माणूस हजर असतो. तीन आठवड्यांनी घेणाऱ्याला चेहरा आठवत नाही, काय बोलणं झालं तेही आठवत नाही. हातात उरतो साडेतीन इंच बाय दोन इंचांचा जाड कागद. पण कार्ड छापून घेताना आपल्याकडचे बहुतेक व्यावसायिक त्या तीन आठवड्यांनंतरच्या माणसाला डोळ्यांसमोर आणत नाहीत. ते स्वतःकडे पाहतात. पद, पदव्या, संघटनेतलं उपाध्यक्षपद, कुलदैवताचं चित्र, सहा प्रकारचे धंदे, चार फोन नंबर. कार्ड भरून जातं आणि कामाची ओळ त्यात हरवते.

हे कसं घडतं ते पाहायचं तर छापखान्यात बसावं. पुण्यात नारायण-सदाशिव-बुधवार पेठांत, मुंबईत गिरगाव-लोअर परळला आणि आता तालुक्याच्या गावी फ्लेक्सवाल्याच्या दुकानातही डिझाइन करणाऱ्याच्या शेजारी एक जादा खुर्ची असते. गिऱ्हाईक तिथं बसतं आणि स्क्रीनकडे बोट करतं. कोरल ड्रॉ उघडलेलं असतं. ‘लोगो जरा मोठा करा.’ ‘नाव अजून ठळक.’ ‘इथं जागा रिकामी दिसतेय, काहीतरी टाका की.’ हजार कार्डांचे पैसे मोजायचे तर कागद कोरा कशाला सोडायचा, असा त्यामागचा हिशेब असतो. डिझाइन करणाऱ्याला त्यात चूक दिसत असते, पण बाहेर आणखी दोघं थांबलेले असतात. तो सांगितलं तसं करून देतो.

खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या टाइपच्या, काळात हा प्रश्न एवढा नव्हता. ट्रेडल मशीनवर कार्डं निघत तेव्हा एकेक अक्षर केसमधून उचलून स्टिकमध्ये जुळवावं लागे. ओळ वाढली की जुळणी वाढे, आणि छापखान्यात ज्या मापाचा टाइप असेल त्याच मापात काम भागवावं लागे. एवढं मावणार नाही, हे जुळारीच गिऱ्हाइकाला सांगे. त्यामुळे नाव, धंदा, पत्ता एवढंच उरे, आणि आजही एखाद्या जुन्या वहीत सापडणारं तसं कार्ड एका नजरेत वाचता येतं. मग डीटीपी आलं, ऑफसेट स्वस्त झालं आणि तो अडसर गेला. चार रंग, आठ फाँट, पार्श्वभूमीला सूर्यास्त, सगळं त्याच पैशात. मावत नाही असं सांगणारा माणूस मात्र साखळीतून नाहीसा झाला. ती जबाबदारी आता कार्ड छापून घेणाऱ्यानं स्वतः उचलायला हवी.

हजार रंगीत कार्डं काही शे रुपयांत मिळतात, कारण ती गँगमध्ये छापली जातात. एका मोठ्या शीटवर तुमच्या कार्डाशेजारी दातांच्या डॉक्टरांचं, पलीकडे इस्टेट एजंटचं, खाली केटरिंगवाल्याचं कार्ड असतं. शाईचा समतोल सगळ्या शीटचा मिळून साधतात, एकट्या तुमच्या निळ्याचा नव्हे. म्हणून मागच्या वेळचा गडद निळा यंदा जांभळट निघतो. रंग काटेकोर हवा असेल तर स्वतंत्र छपाई करून घ्यावी. ते परवडत नसेल तर असा रंग निवडावा की थोडा सरकला तरी बिघडणार नाही. बारीक अक्षरांना तर निव्वळ काळा हाच सगळ्यांत भरवशाचा.

छापून झालेल्या शीट कटिंग मशीनखाली जातात. कागदांची जाड थप्पी, वरून दाबणारी पट्टी आणि सरळ खाली येणारं पातं. थप्पीतला कागद अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणून डिझाइन चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं द्यायचं, त्याला ब्लीड म्हणतात, आणि अक्षरं कडेपासून निदान ४-५ मिलिमीटर आत ठेवायची. पुष्कळांना कार्डाला चौफेर बारीक बॉर्डर हवी असते. ती कडेपासून २ मिलिमीटरवर काढली आणि कागद १ मिलिमीटर सरकला, तर एका बाजूला १ आणि समोरच्या बाजूला ३ मिलिमीटर जागा दिसते. स्क्रीनवर देखणं वाटलेलं कार्ड हातात आल्यावर एका अंगाला ढळलेलं दिसतं. बोल लागतो कटिंगवाल्याला. खरी चूक ती रेघ काढतानाच झालेली असते.

मराठीत कार्ड करायचं तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि इथं थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त हेळसांड इथं होते. रोमन अक्षर सात पॉइंटांत सहज वाचता येतं. देवनागरीला डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार लागतो, पायाशी उकार लागतो. या सगळ्याला जागा द्यायची तर मधलं अक्षर लहान होतं. सात पॉइंटांत ‘स्वादिष्ट’मधला ‘ष्ट’ किंवा ‘समृद्धी’मधला ‘द्ध’ शाईनं भरून जातो आणि काळा ठिपका उरतो. इंग्रजी बाजूचंच माप मराठी बाजूला लावणं ही म्हणूनच चूक आहे. देवनागरी निदान दोन पॉइंटांनी मोठी हवी आणि दोन ओळींमधलं अंतरही जास्त हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

अक्षरांचं वळण हाही मुद्दा आहे. मराठी डोळ्याला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सवयीचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य शासनानंही शासकीय मराठीसाठी हीच रूपं प्रमाण ठरवली. पण बाजारातले पुष्कळ फाँट हिंदी वळण समोर ठेवून केलेले असतात, आणि कार्डावरचं ‘शैला’ हे नाव वाचता येतं पण परकं वाटतं. ‘कऱ्हाडकर’, ‘वऱ्हाडे’ अशा आडनावांत ‘र’ची ती आडवी खूण रफार होऊन भलतीकडे जाऊन बसते. त्यात गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सॲपवर, म्हणजे युनिकोडमध्ये, आणि अनेक छापखान्यांत काम चालतं श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर. रूपांतर करताना एखादी वेलांटी गळते, एखादं जोडाक्षर फुटतं. प्रूफ मोबाइलवर पाहून अंगठा दाखवणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. प्रूफ कागदावर मागावं, खऱ्या मापात मागावं, आणि आपलं नाव आपण अक्षर-अक्षर सोडवून वाचावं. स्वतःचं नाव माणूस सगळ्यात निष्काळजीपणे वाचतो, कारण ते त्याला पाठ असतं.

ज्या भाषेत र. कृ. जोशी यांच्यासारख्या माणसानं अक्षराकृतींच्या अभ्यासात आयुष्य घातलं, कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी लिहिली की जाहिरातीवरून प्रयोगाचा बाज कळावा, त्या भाषेत कार्डासाठी चांगलं अक्षर मिळत नाही ही सबब चालणार नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फाँट कुणालाही मोफत वापरता येतात. एका कार्डाला एकच फाँट पुरे, त्यातलीच दोन वजनं घ्यावीत.

एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, ही रीत मला योग्य वाटते. मात्र फोन नंबर दोन्ही बाजूंना हवा आणि तो इंग्रजी आकड्यांत असलेला बरा. होसूरच्या किंवा चेन्नईच्या खरेदीदाराला देवनागरी आकडे वाचता येतीलच असं नाही, आणि नंबर हा डायल करण्यासाठी छापलेला असतो. दहा आकडे सलग छापू नयेत. पाच-पाचच्या दोन तुकड्यांत तोडले की चुकीचा फोन लागत नाही. नंबर एकच द्यावा, ज्यावर तुम्ही खरोखर उचलता तो. परदेशी गिऱ्हाईक असेल तर आधी ९१ लावावा.

कागदाचं थोडक्यात सांगतो. ३०० ते ३५० जीएसएमचं आर्ट कार्ड आणि त्यावर मॅट लॅमिनेशन हे सध्याचं चलन आहे. स्पर्श छान असतो, पण त्यावर बॉलपेन उमटत नाही आणि जेलपेन फिसकटतं. घेणाऱ्याला तर मागे लिहायचं असतं: ‘मोशी प्रदर्शन, डिसेंबर, सॅम्पल पाठवणार’. म्हणून मागची बाजू विनालॅमिनेशन ठेवावी किंवा लेप नसलेला कागद घ्यावा. सोनेरी फॉइलवर नाव छापून घेणाऱ्यांनी एक करून पाहावं, दिव्याखाली त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढावा. बहुतेक वेळा नावाच्या जागी चकाकी येते. आजकाल कार्ड घेतल्याबरोबर लोक फोटो काढतात आणि कागद गाडीत विसरतात, तेव्हा कार्ड फोटोत वाचता येणं गरजेचं आहे. आणि माप नेहमीचंच ठेवा. बँकेचं कार्ड ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर असतं आणि पाकिटाचे कप्पे त्याच बेतानं शिवलेले असतात. गोल, पानाच्या किंवा घराच्या आकाराचं कार्ड पाहताना मजा येते. ठेवायला जागा नसल्यानं ते पहिल्यांदा कचऱ्यात जातं.

क्यूआर कोडचा जन्म चाकणसारख्याच वातावरणातला. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला, मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. कार्डावर त्याचा उपयोग आहे, पण त्यात माहिती जितकी कोंबाल तितकी चौकटींची जाळी दाट होते आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत ती कॅमेऱ्याला सुटत नाही. नाव, नंबर, ईमेल एवढं पुरे. भोवती चार चौकटींएवढी कोरी जागा सोडणं हा त्या कोडच्या नियमाचाच भाग आहे. डिझाइनवाले नेमकी तीच खातात. आणखी एक सावधगिरी म्हणजे फुकटात मिळणारा ‘डायनॅमिक’ कोड. तो आधी कुणा दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. ती सेवा बंद झाली किंवा वर्गणी संपली की तुमची छापलेली हजार कार्डं मुकी होतात.

आता त्या पदव्या आणि मानचिन्हांकडे वळू, कारण इथं प्रश्न चवीपुरता राहत नाही, कायद्याचा होतो. चार्टर्ड अकाउंटंटांच्या १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात व्हिजिटिंग कार्डाचा थेट उल्लेख आहे. चार्टर्ड अकाउंटंट या बिरुदाखेरीज विद्यापीठाची पदवी किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं सदस्यत्व एवढंच त्यावर चालतं. ‘इन्कम टॅक्स कन्सल्टंट’ असं छापणंही गैरवर्तनात मोडतं. वकिलांसाठी बार कौन्सिलचा ३६ वा नियम आहे. आपण अमुक प्रकारच्या खटल्यांत तज्ज्ञ आहोत, कुठल्या संघटनेचे अध्यक्ष आहोत किंवा पूर्वी न्यायाधीश होतो, हे पाटीवर किंवा छापील कागदांवर लिहिता येत नाही. डॉक्टरांना २००२ च्या नियमांनुसार नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या आणि व्यावसायिक ज्ञान दाखवणाऱ्या पात्रताच लावता येतात.

राजमुद्रेचा प्रकार तर गावोगावी दिसतो. सरपंच, नगरसेवक, माजी आमदार, निवृत्त अधिकारी, कितीतरी जणांच्या कार्डावर तीन सिंह असतात. २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. पंचायतराज संस्थांना, नगरपालिकांना ती परस्पर वापरता येत नाही. माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, निवृत्त न्यायाधीश आणि अधिकारी यांनाही नाही. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्यांना अधिकार आहे त्यांनीही सिंहांखाली ‘सत्यमेव जयते’ छापलंच पाहिजे, त्याशिवाय ती मुद्रा अपुरी. पद्म पुरस्काराचंही तसंच. तो किताब नव्हे, सन्मान आहे, म्हणून नावाच्या आधी किंवा नंतर तो लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सांगितलं. इतक्या थोर सन्मानालाही जिथं कार्डावर जागा नाही, तिथं आपण वॉर्डातल्या मंडळाचं सल्लागारपद कशासाठी छापावं?

जीएसटी क्रमांकाबद्दल व्यापारी हमखास विचारतात. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. दुकानाच्या पाटीवर तो लावावाच लागतो. कार्डावर सक्ती नाही. पॅन असा हजार लोकांच्या हातात देण्याचं कारण नाही. कोटेशनवर द्या, तिथं तो कामाचा आहे.

कार्ड द्यावं कसं, यात जपान्यांकडून शिकण्यासारखं आहे, आणि चाकण-रांजणगावात जपानी कंपन्या असल्यानं पुण्याच्या उद्योजकांना ते प्रत्यक्ष उपयोगी पडतं. मेइशी, म्हणजे तिथलं व्हिजिटिंग कार्ड, दोन्ही हातांनी द्यायची-घ्यायची, मजकूर समोरच्याच्या दिशेनं सुलटा ठेवायचा, घेतलेलं कार्ड वाचायचं आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं. मागच्या खिशात कोंबायचं नाही, त्यांच्यादेखत त्यावर लिहायचं नाही. यात मला शिष्टाचारापेक्षा वाचण्याचा क्षण महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे कार्ड हातात पडतं आणि बोलणं पुढे जातं. पाच सेकंद थांबून वाचलं, ‘तुम्ही फक्त स्टेनलेस करता की माइल्ड स्टीलपण?’ एवढं विचारलं, तर त्या प्रश्नामुळे दोघं एकमेकांच्या लक्षात राहतात.

कार्ड कुणाला द्यावं, हेही पाहू. मराठी उद्योजकांना एकत्र आणण्यासाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब सुरू केला. बीएनआय हे व्यावसायिकांचं जाळं १९८५ मध्ये अमेरिकेत आयव्हन मिसनर यांनी सुरू केलं. आज महाराष्ट्रातल्या शहराशहरांत त्याच्या सकाळच्या बैठका होतात आणि एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद घेतला जातो. अशा गटांत तुमचं काम समोर बसलेल्याकडून क्वचितच येतं, ते त्याच्या ओळखीतून येतं. म्हणून ज्याला तुमचं काम खरंच समजलंय त्याला दोन कार्डं द्यावीत, एक त्याच्यासाठी, एक पुढे देण्यासाठी. आणि त्या दुसऱ्या, कधीही न भेटलेल्या माणसाला तुमचा धंदा कार्डावरूनच कळायचा आहे, हे लक्षात ठेवावं. याउलट प्रदर्शनात लकी ड्रॉच्या पारदर्शक पेटीत टाकलेल्या कार्डांतून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा चार जणांशी नीट बोलावं, संध्याकाळी त्यांच्या कार्डांमागे तारीख आणि विषय लिहावा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत प्रत्येकाला दोन ओळींचा निरोप पाठवावा.

एक गोष्ट मनाला लागते, तीही लिहितो. मुंबईचं महालक्ष्मी सरस असो की पुण्याची भीमथडी जत्रा, बचत गटांच्या स्टॉलवर आता कार्डं असतात. चटण्या, कुरडया, हातसडीचा तांदूळ, घोंगड्या. कार्डावर नाव बाईंचं असतं, आणि पुष्कळदा नंबर मालकांचा किंवा मुलाचा. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा तो उचलणाऱ्याला लोणच्याचा भाव माहीत नसतो, ऑर्डर घ्यायची की नाही ते ठरवता येत नाही, आणि निरोप घरी पोचतोच असं नाही. जी बाई पहाटे उठून मसाला भाजते, स्टॉलवर गिऱ्हाइकाशी ठणकावून भाव करते, तिच्यापर्यंत तो फोन पोचत नाही. या कार्डांवर तिचा स्वतःचा नंबर हवा, गावाचं आणि तालुक्याचं नाव हवं, आणि खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हवा. तो पाहून शहरातला दुकानदार तिला घरगुती हौस न समजता पुरवठादार समजतो. गटांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी पॅकिंगइतकंच लक्ष या एका ओळीकडे द्यावं, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि दिवाळीनंतर नवी कार्डं छापायला टाकणाऱ्या प्रत्येकाला एक सांगणं. हजारांची ऑर्डर देण्याआधी कार्ड खऱ्या मापात साध्या प्रिंटरवर काढा आणि कात्रीनं कापा. तुमच्या धंद्याची माहिती नसलेल्या कुणाच्या तरी हातात ते द्या, घरातल्या नव्हे, शेजारच्या दुकानातल्या माणसाच्या. दहा सेकंदांनी परत घ्या आणि दोनच प्रश्न विचारा: मी काय काम करतो, आणि माझा नंबर कुठे होता? दोन्ही उत्तरं बरोबर आली तरच मजकूर छापखान्यात पाठवा.